काट्यावरचे पंचवीस मैल

डॉक्टरीणबाईंचा उजवा पाय जड होता. हे मी म्हणत नाही, त्या स्वतःच सांगत. जीपमध्ये कुणी नवा माणूस बसला की त्याला त्या आधी हे सांगून टाकत, मग बाजूचा पट्टा लावून घ्यायला लावत, आणि तो काय म्हणतो हे ऐकायच्या आत गाडी सुटलेली असे.

चिंचवडला एका ट्रस्टचा दवाखाना होता. खाली तपासणीची खोली आणि औषधांची खिडकी, वर बाळंतिणींच्या काही खाटा. पुण्यात नर्सिंगचं आणि सुईणीचं शिक्षण पुरं करून मी तिथे नोकरीला लागले, तेव्हा पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता आणि ज्वारीच्या रानातून लोखंडी सांगाडे वर येताना दिसत. मी पाथर्डीकडची. घर सोडून एकटी राहण्याची पहिलीच वेळ. डॉ. द्वारका सामंत यांनी माझी प्रशस्तिपत्रं पाहिलीसुद्धा नाहीत. गाडीत उलटी होते का, एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं, तेव्हा उद्यापासून ये म्हणाल्या.

त्या मालवणकडच्या. पंचेचाळिशीच्या आसपास असतील. उंच, हाडापेरानं मजबूत. पांढरी सुती साडी, पदर खांद्याशी सेफ्टीपिनेनं घट्ट टाचलेला, आणि पायांत पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. त्यांचं लग्न झालं होतं की नव्हतं याबद्दल चिंचवडात तीन मतं होती आणि तिन्ही मतांची माणसं त्यांच्याकडेच औषधाला येत. मी जवळजवळ सहा वर्षं त्यांच्या शेजारी बसून हिंडले, पण मलाही ते विचारायचं सुचलं नाही. म्हणजे सुचलं, पण जीपच्या आवाजात असलं काही विचारता येत नाही.

ती जीप लष्करानं लिलावात काढलेली होती. स्टिअरिंग डावीकडे, वर ताडपत्री, दारं नाहीतच. बाई तिला 'बया' म्हणत. थंडीत ती सुरू व्हायला कुरकुर करी, तेव्हा बाई तिच्याशी मालवणीत बोलत. मालवणी त्यांच्या तोंडी दोनच वेळा यायची, एक राग आल्यावर आणि दुसरी बाळ जन्मल्यावर. एरवी त्यांची मराठी अगदी पुणेरी होती, फक्त वाक्य संपताना ते किंचित वर चढे.

आपला पाय जड आहे हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी त्यावर एक उपाय काढला होता. ताशी मैल दाखवणारा काटा गाडीच्या मधोमध होता. त्यांचं लक्ष रस्त्यावर आणि माझं लक्ष काट्यावर, अशी वाटणी होती. दर थोड्या वेळानं त्या विचारत, "काटा?" मी म्हणायची, "पस्तीस." मग त्या अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचलत. पुन्हा थोड्या वेळानं, "काटा?" चाकणचा रस्ता असो नाहीतर आळंदीचा, आमचं संभाषण मुख्यतः एवढंच. पहिल्या महिन्यात मला झोपेतही आकडे दिसायचे.

असं असूनही कामात मात्र त्यांना घाई नव्हती. 'घाई पायात असावी, हातात नको,' असं त्या म्हणत. पिंपरीच्या कॅम्पात फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांच्या बराकी होत्या. तिथे मंघनमल नावाचा एक गृहस्थ लष्कराच्या लिलावातला जुना माल विकायचा: तंबू, कंदील, मोटारींचे सुटे भाग. त्याची बायको देवीबाई दिवसेंदिवस फिकी पडत चालली होती, पण काय होतंय ते नवऱ्याला सांगत नव्हती आणि डॉक्टरलाही. आम्ही गेलो तेव्हा ती पापड लाटत बसली होती. बाईंनी बॅग बाजूला ठेवली, पदर खोचला आणि दुसरं लाटणं मागून घेतलं. त्यांचे पापड म्हणजे नकाशे होते. देवीबाई आधी नुसती बघत राहिली, मग हसायला लागली, मग बाईंच्या हातातलं लाटणं काढून घेऊन कसं फिरवायचं ते दाखवायला लागली. दुपार कलली तेव्हा तिनं हळूच सांगितलं की गेले कित्येक महिने तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. पुण्याला नेऊन ऑपरेशन झालं आणि ती बरी झाली. येताना बाईंनी आपले ते नकाशे मागून आणले आणि आठवडाभर जेवताना भाजून खाल्ले. मंघनमल मात्र तेव्हापासून बाईंना देवासारखं मानू लागला.

टायरांचं प्रकरण त्या मानण्यातूनच झालं.

जीपच्या टायरांना टक्कल पडलं होतं. त्या वर्षी टायर कुठे मिळत नव्हते. बाईंनी पुण्यात खेपा घातल्या, ओळखी लावल्या, काही उपयोग झाला नाही. मंघनमलला हे कळलं, आणि एका सकाळी तो हातगाडीवर चार टायर घालून दवाखान्याच्या दारात हजर झाला. लष्कराच्याच दुसऱ्या कुठल्या गाडीचे, जवळजवळ नवे. "नाप थोडा बडा है, दाक्टरसाहिबा," तो म्हणाला, "पर गाडी मस्त चलेगी." बसवताना पुढची चाकं वळवली की पत्र्याला जरा घासत होती, तिथला पत्रा त्यानं ठोकून मागे सारला. जुन्यातला त्यातल्या त्यात बरा एक टायर स्टेपनी म्हणून मागे लावला. बया एकदम उंच झाली. चढताना मला साडी सावरावी लागे. बाई फार खूश होत्या. गाडी हलकी धावते म्हणाल्या, खड्डे लागत नाहीत म्हणाल्या. काट्याचा विचार कुणाच्याच मनात आला नाही. तो आपला पूर्वीसारखाच हलत होता आणि मी पूर्वीसारखीच वाचत होते.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, आम्ही चाकणहून परत येत होतो. सूर्य नुकताच मावळला होता, उजेड होता. चाकणची बाळंतीण सुखरूप होती, घरी कुणी वाट बघत नव्हतं, घाईचं काही कारण नव्हतं. चिंबळीच्या शिवारात रस्ता इंद्रायणीच्या पुलाकडे उतरतो. तिथे पंचवीस मैलांच्या वेगमर्यादेची पाटी होती. बाईंनी विचारलं, "काटा?" मी म्हटलं, "पंचवीस." एवढ्यात डावीकडच्या शेतवाटेवरून एक बैलगाडी रस्त्यावर आली. बाईंनी ब्रेक दाबला, गाडी वळवली. बैल वाचले. पण आमचा पुढचा भाग बैलगाडीच्या मागच्या अंगाला लागला, चाक निखळलं, गाडी कलंडली आणि वर बसलेला म्हातारा रस्त्यात पडला.

त्याचं नाव गेणूबाबा. सत्तरीचा, वाळलेला, पागोट्यातला माणूस. चिंबळीत पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या घरातला. पडल्या जागी उठून बसला आणि बाईंना शिव्या द्यायला लागला. उजवा हात कोपराखाली मोडलेला दिसत होता. बाई त्याच्यापाशी बसल्या. मोडलेल्या बैलगाडीच्याच दोन फळ्या मला उचलून आणायला सांगितल्या आणि हात बांधायला लागल्या. म्हातारा बोलायचा थांबत नव्हता. बाईंच्या आईबापांपासून मोटार शोधून काढणाऱ्यापर्यंत कुणालाच त्यानं सोडलं नाही. त्या नादात त्याचा हात हलत होता.

"बाबा, हात हलवू नका," बाई शांतपणे म्हणाल्या. "तोंड चालू द्या."

म्हातारा मग खरोखरच हात स्थिर ठेवून पुढच्या शिव्या देऊ लागला. त्याच जीपमध्ये घालून आम्ही त्याला चिंचवडला आणलं, प्लॅस्टर घातलं. शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीनं कानांवर पदर घेतला होता. त्याला झोप लागल्यावर बाई स्वतः पोलीस चौकीवर गेल्या आणि आपल्या हातून अपघात झाल्याची खबर देऊन आल्या.

खटला खेडच्या कोर्टात उभा राहिला. बाईंनी वेग पंचवीसच्या वर नव्हता असा जबाब दिला. मी शपथ घेऊन तेच सांगितलं, कारण मी तेच वाचलं होतं. गेणूबाबा गळ्यात हात अडकवून उभा होता. तो म्हणाला की त्यानं रस्त्यावर यायच्या आधी बघितलं होतं. मोटार तेव्हा लांब, बाभळीपाशी होती. एवढ्या अंतरात बैलगाडी निवांत पलीकडे जाते, हे त्याला रोजचं ठाऊक होतं. पण ही गाडी वाऱ्यावानी आली.

ट्रस्टनं बाईंसाठी दिलेला वकील हुशार होता. त्यानं म्हाताऱ्याला विचारलं, ताशी पंचवीस मैल म्हणजे किती ते कळतं का.

"मैल पायाला कळतो, सायेब," गेणूबाबा म्हणाला. "डोळ्याला न्हाई कळत."

कोर्टातली माणसं हसली. वकिलानं मग त्याला खिडकीतून दूरची झाडं दाखवून कुठलं झाड कुठलं ते विचारलं, म्हातारा दोनदा चुकला, आणि माणसं पुन्हा हसली. बाई हसल्या नाहीत. पण त्या काही बोलल्याही नाहीत, कारण त्यांनाही मनापासून वाटत होतं की म्हाताऱ्याची नजर अधू झाली असावी. निकालासाठी पुढची तारीख पडली.

प्लॅस्टर काढायला गेणूबाबानं दवाखान्यात यावं असं ठरलं होतं. तो आला नाही. तेव्हा बाईच बॅग घेऊन चिंबळीला गेल्या. म्हातारा ओट्यावर बसला होता. त्यानं मुकाट्यानं हात पुढे केला. शिव्या नाहीत, तक्रार नाही. प्लॅस्टर कापत असताना बाईंनी सहज विचारलं, आता बैलगाडी कधी जुंपणार. उत्तर त्याच्या मुलानं, सोपानानं दिलं. मुलगा वाईट नव्हता, त्याला खरंच काळजी वाटत होती. म्हणाला, "आता न्हाई देणार त्यांना कासरा. कोर्टात सिद्ध झालं की त्यांना दिसत न्हाई. उद्या बैलांसकट जातील कुठंतरी."

गेणूबाबा अंगणात बांधलेल्या बैलांकडे बघत होता. बाईंनी त्याच्या बोटांची हालचाल तपासली, चोळायला तेल दिलं आणि आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर त्यांनी मला काटा विचारला नाही, आणि विचारायची गरजही पडली नाही, कारण त्या इतक्या हळू चालल्या होत्या की मागून सायकलवाले घंटा वाजवत पुढे जात होते.

मोशीच्या अलीकडे मागचा एक टायर खिळा लागून बसला. बाईंना जॅक लावता येत होता, चाक बदलायला त्या कुणाची वाट बघत नसत. त्यांनी बसलेलं चाक काढून झाडाला टेकवलं आणि स्टेपनी सोडवून त्याच्या शेजारी उभी केली. मी नट गोळा करून पदरात धरले होते. बाई स्टेपनी उचलायला वाकल्या आणि तशाच राहिल्या.

झाडाला दोन चाकं टेकलेली होती. मंघनमलनं दिलेला टायर बसलेला, दबलेला, तरीही जुन्यापेक्षा चांगला चार बोटं उंच.

"लीला," त्या म्हणाल्या, "हे मोठं चाक एका फेऱ्यात जास्त लांब जातं."

मला आधी कळलं नाही. त्यांनी रस्त्याच्या कडेला बसून, धुळीत काडीनं रेघा ओढून मला समजावलं. काट्याला रस्ता दिसत नाही. त्याला फक्त चाकाचे फेरे कळतात. चाक मोठं झालं हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. तो बिचारा जुन्या चाकाच्या हिशेबानं पंचवीस दाखवत होता आणि गाडी त्याहून जास्त पळत होती.

तरी त्यांनी खात्री करून घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी चिंचवडात टायर दुरुस्त करून पुन्हा चढवला आणि आम्ही मैलाचे दगड धरून नाशिक रस्त्याला लागलो. तीसवर काटा ठेवला तर एका मैलाला दोन मिनिटं लागायला हवीत. रुग्णाची नाडी मोजायचं माझं सेकंदकाट्याचं घड्याळ मनगटावर होतं. एका दगडापाशी मी सुरू म्हटलं, दुसऱ्यापाशी थांब. दोन मिनिटं व्हायला बारा सेकंद कमी पडले. परतताना पुन्हा मोजलं. तेवढेच कमी. तीस म्हणजे तेहतीस, आणि पंचवीस म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस.

आम्ही सरळ मंघनमलकडे गेलो. त्याला हे ऐकून नवल वाटलं नाही. फरक पडतोच म्हणाला, जिथे काट्याची तार गिअरबॉक्सला जोडलेली असते तिथे एक दातेरी चक्री असते, ती मोठ्या टायरच्या मापाची बसवली की काटा बरोबर होतो. भंगारात शोधतो म्हणाला. मग बाईंचा चेहरा बघून त्याला सगळी हकिगत कळली आणि तो डोक्याला हात लावून बसला. टायर आपण दिले, दोष आपला, असं तो म्हणू लागला. बाईंनी त्याला गप्प केलं. टायर त्यानं दिले होते, पण पाय त्यांचा होता.

चक्री मात्र त्यांनी इतक्यात बसवू नकोस म्हणून सांगितलं. आधी कोर्टाला आहे तसं दाखवायचं, मग दुरुस्ती. तोवर त्यांनी दवाखान्यातली चिकटपट्टी कातरून काट्याच्या काचेवर लावली आणि तिच्यावर शाईनं खरे आकडे लिहिले. ती पट्टी वाचून मी आकडा सांगायची. काटा आणि पट्टी यांच्यामध्ये माझी फार गडबड व्हायची.

त्या दिवसांत दवाखान्यात वातावरण बरं नव्हतं. ट्रस्टचे चिटणीस बाईंना समजवायला आले. सभ्य गृहस्थ होते. त्यांचं म्हणणं असं की हा फरक क्षुल्लक आहे, वकिलाच्या मते बाई निर्दोष सुटणारच आहेत, उगीच दवाखान्याचं नाव जाईल आणि बाईंचं लायसन्स गेलं तर खेड्यांतल्या बाळंतिणींनी काय करायचं. हा शेवटचा मुद्दा खरा होता. बाईंनी तसं त्यांना सांगितलंही. ते गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "तू शपथ घेतलीस ती माझ्या गाडीच्या भरवशावर. तुला काही होणार नाही, हे मी आधी बघेन." माझी मला काळजी नव्हती. मला भीती होती ती त्या मालवणीत बोलायला लागतील याची. पण त्या दिवसभर शुद्ध बोलत राहिल्या, आणि ते जास्त वाईट होतं.

तारखेला कोर्टात गेणूबाबा आणि सोपाना दोघंही आले होते. वकील उभा राहायच्या आत बाईच उभ्या राहिल्या. त्यांनी टायर, काटा, मैलाचे दगड सगळं सांगितलं. नर्सनं जे काट्यावर होतं तेच सांगितलं, तिची चूक नाही, हे आधी सांगितलं. मॅजिस्ट्रेट साहेबांनी चष्मा काढला. स्वतः खाली येऊन जीप पाहिली, चिकटपट्टी पाहिली, स्टेपनी चाकाला लावून पाहिली. परत खुर्चीवर बसल्यावर त्यांनी विचारलं, "हे तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही," बाई म्हणाल्या.

"मग?"

"दवाखान्यातला थर्मामीटर ताप कमी दाखवतो असं मला आज कळलं, तर काल ज्यांना ताप नाही म्हणून घरी पाठवलं त्यांना मी परत बोलावते. या बाबांना इथून खोटं ठरवून घरी पाठवलं, ते माझ्या काट्यावर. त्यांच्या हातातला कासरा गेलाय."

कोर्टात कुणी हसलं नाही. साहेबांनी निकाल दिला: दंड, आणि दिवाळीपर्यंत लायसन्स बंद. मग ते गेणूबाबाकडे वळले आणि म्हणाले की त्यांनी मोटार लांब पाहिली होती ते बरोबरच होतं, मोटारच ठरल्यापेक्षा लवकर पोचली.

"ते मला ठावं व्हतं, सायेब," गेणूबाबा म्हणाला. "ते ह्या माझ्या पोराला सांगा."

आणि साहेबांनी ते खरंच सोपानाकडे बघून पुन्हा सांगितलं. सोपानानं मान खाली घातली. बाहेर आल्यावर गेणूबाबा झाडाखाली उभ्या केलेल्या आपल्या गाडीपाशी गेला, वर चढला आणि डावा हात पुढे केला. सोपानानं कासरा त्या हातात दिला आणि स्वतः मागे जाऊन बसला.

जीप दवाखान्याच्या मागे चिंचेखाली उभी राहिली. बाई एसटीनं, सायकलच्या मागे बसून, पायी, जसं जमेल तसं हिंडत होत्या. दोन ठिकाणी आम्ही उशिरा पोचलो. एका ठिकाणी गावच्या सुईणीनं निभावून नेलं होतं. दुसऱ्या ठिकाणी मूल गेलं. गाडी असती तरी ते वाचलं असतं असं सांगता येत नव्हतं, पण वाचलं नसतं असंही सांगता येत नव्हतं. त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. कोर्टात बोलल्याचा पस्तावा होतो का, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनी मूल गेलेल्या घरी पुढे कितीतरी दिवस जाणं ठेवलं, एवढं मला माहीत आहे.

श्रावणात एका सकाळी दवाखान्यापुढे बैलगाडी थांबली. वर गेणूबाबा. सोपानाच्या बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. गाडीत गवत टाकून त्यावर घोंगडी अंथरलेली होती. त्यानं नमस्कार केला नाही, नुसतं "चला" म्हणाला. वाटेत पाऊस लागला. ताडपत्री धरून बसलेल्या बाईंचा जीव वर-खाली होत होता. पुलावरून पुढे गेल्यावर त्यांना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "बाबा, जरा हाका की."

गेणूबाबानं मागे वळूनही पाहिलं नाही. "हितं पंचवीसची पाटी हाय," म्हणाला.

मी तोंडात पदर कोंबला. बाई आधी कडक चेहरा करून बसल्या, मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या. आम्ही वेळेत पोचलो. मुलगा झाला. बाईंनी त्याला उलटा धरून पाठीवर थोपटलं, तो रडला, तशी त्या त्याला म्हणाल्या, "इलंस? बरा झाला." गेणूबाबानं बाहेरून विचारलं की ही कुठली भाषा. पोराला पहिल्याच दिवशी परक्या मुलखातलं काहीतरी ऐकवलं, म्हणून त्यानं नापसंती दाखवली. त्या घराशी पुढे आमचा घरोबा झाला असं मी म्हणणार नाही. आभाळ आलं की आपला हात दुखतो आणि तो कुणामुळे दुखतो, हे गेणूबाबा अखेरपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. पण वर्षातून एकदा शेंगांचं पोतं दवाखान्यात यायचं.

दिवाळीनंतर लायसन्स परत मिळालं. मंघनमलला तळेगावकडच्या एका भंगारात हवी ती चक्री सापडली होती. त्यानं ती स्वतः बसवली. पुन्हा आम्ही मैलाचे दगड धरून निघालो, पुन्हा माझं घड्याळ. काटा तीसवर, आणि बरोबर दोन मिनिटं. बाईंनी नखानं चिकटपट्टी उचकटून काढली. तसंच तीसवर त्या आणखी थोडा वेळ चालल्या आणि मग जरा हिरमुसल्या आवाजात म्हणाल्या, "तीस म्हणजे एवढंच होतं का गं?"

पुढे दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं, कल्याणला. निघायच्या दिवशी बाई मला स्टेशनवर सोडायला येणार होत्या. सकाळीच देहूरोडच्या पलीकडून बोलावणं आलं. मला नेलं नाही. म्हणाल्या, तुझी गाडी यायच्या आत परत येते. देवीबाई आणि मंघनमल स्टेशनवर आले, दवाखान्यातली बाकीची माणसं आली, देवीबाईनं पापडांचा डबा दिला. गाडी आली आणि सुटली. बाई आल्या नाहीत. मला रडू आलं ते मी आकुर्डीपर्यंत आवरून धरलं.

तळेगावच्या अलीकडे एक फाटक लागतं. गाडी वळणावर होती आणि मी शेवटच्या बाजूच्या बायकांच्या डब्यात खिडकीशी होते, त्यामुळे फाटक मला लांबूनच दिसलं. बंद फाटकापाशी सगळ्यांत पुढे जीप उभी होती. बाई बॉनेटवर चढून उभ्या होत्या. पदराची पिन सुटलेली, केस विस्कटलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, म्हणजे काम आटोपून नुकत्याच निघालेल्या. मी कुठल्या डब्यात आहे हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणून त्या इंजिनापासून सुरुवात करून प्रत्येक खिडकीला हात करत होत्या. डबे त्यांच्यापुढून जात होते आणि त्या दोन्ही हात उंच करून हलवत होत्या, आणि खिडक्या-खिडक्यांतली अनोळखी माणसं, पागोटी, टोप्या, कडेवरची पोरं, काही न कळताही त्यांना हात करत होती. माझा डबा आला तेव्हा मी खिडकीतून अर्धी बाहेर होते. त्यांनी मला पाहिलं की नाही, मला अजूनही सांगता येत नाही. हात मात्र मलाही केला.